चंपाच्या पैशांची राखणदार

मी, सगुणाबाई खंडोजीराव माने, वय चौऱ्याहत्तर, राहणार शिवाजीनगर, बेंगळूरु, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने माझ्याशी भांडून पाहावं.

१. राहतं घर मुलगा रणवीर याला. मात्र खालच्या दुकानाचं भाडं आणि माझ्या सर्व ठेवी धाकटी बहीण चंपा हिच्या खाण्यापिण्याला व औषधाला. तिला व्यवहार कळत नाही. तिच्यामागे उरेल ते रणवीरचं.

२. हे पैसे सांभाळायचे कोणी, यावर घरात वाद आहे, म्हणून थोडं सांगते. यशवंतपूरच्या पंपांच्या कारखान्यात मी हिशेबनीस होते. कामगारांनी मला प्रॉव्हिडंट फंडाची विश्वस्त निवडलं. बैठकीची रीत अशी, की केसरीबाथच्या, म्हणजे इकडच्या शिऱ्याच्या, बश्या आल्या की न वाचता सह्या. एकदा मी वाचलं. सगळा फंड मालकांच्या मेहुण्याच्या बांधकाम कंपनीत घालायचा ठराव होता.

मॅनेजर योगीराज म्हणाले, "अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या. मालकांचाच पैसा आहे ना?"

"मालकांचा नाही आणि माझाही नाही. उद्या म्हाताऱ्या होणाऱ्या माणसांचा आहे. सही मिळणार नाही."

सर्वांच्या सह्यांशिवाय ठराव होत नसे. मला गोदामात बसवलं. पुढे मेहुणा बुडाला, पाठोपाठ कारखानाही. पण प्रत्येक कामगाराच्या हातात त्याचा फंड व्याजासकट पडला! फाटकाशी त्यांनी मला हार घातला आणि मी तो ताठ मानेने घालून घेतला. योगीराजांचाही फंड वाचला. आभार अजून यायचे आहेत. गोदामातून आठवण म्हणून आणलेली माझी मोडकी खुर्ची त्यांना पोचवावी.

३. रणवीर म्हणतो, "आई, मावशीचे पैसे मित्राच्या स्टार्टअपमध्ये टाकू, ट्रिपल होतील." पोरा, तुझ्यावर जीव आहे, पण म्हणून चंपाचा घास पणाला लावणार नाही. सून भूमिका म्हणाली, "आधी मावशींना काय लागतं ते त्यांनाच विचारू." आणि विचारून आली. म्हणून विश्वस्त भूमिकाच.

४. भूमिका, या कामाचा मोबदला तुला ठेवलेला नाही. दुसऱ्याचा पैसा सांभाळणाऱ्याने त्यातून स्वतःसाठी काही घ्यायचं नसतं. माझ्या पाटल्या मात्र आज सकाळीच तुझ्या हातात घातल्या. त्या या मृत्युपत्रात येतच नाहीत, तेव्हा त्यावर वाद घालायला कोणालाही जागा नाही.

सही: सगुणाबाई खं. माने

समक्ष सह्या करणारे साक्षीदार:
बसवंत हिरेमठ, निवृत्त फिटर
डॉ. रम्या जाधव, शेजारी

बेंगळूरु, १४ जानेवारी २०२५