शंभर इंच

४ मार्च

ती. ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. दोन्ही यासाठी, की तू अजून रागात आहेस हे मला माहीत आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. न वाचता फाडलंस तरी फाडण्याआधी पाठवणाऱ्याचं नाव वाचावंच लागेल, तेवढंच समाधान.

अक्षर तुझ्या भावजयीचं आहे. माझा अंगठा दुखावलाय. मी सांगतोय आणि ती लिहितेय. (वन्सं, अंगठा ठणठणीत आहे. कंसातलं सगळं माझं. ह्यांना ते वाचता यायचं नाही.)

इकडे सगळं ठीक. आता मुद्द्यावर येतो, कारण दोन दिवस माझ्या पोटात काही राहत नाहीये. मी टीव्ही घेतोय! म्हणजे घेऊ का, हे तुला विचारतोय. केवढा, विचार ना. शंभर इंच! तू आत्ता कपाळावर हात मारला असशील. मार, पण पुढे वाच.

मिक्सरचं झाकण बदलायला म्हणून नाक्यावरच्या दुकानात गेलो होतो. आत शिरलो आणि समोर भिंतच पेटलेली. बाहेर भर दुपार, शटर सताड उघडं, दुकानात ट्यूबलाइटची रांग, तरी त्या टीव्हीवरचं चित्र तसूभर फिकं पडत नव्हतं. आधी समुद्र दाखवला, मग डोंगर. मला समुद्र-डोंगराचं काय कौतुक? पण मग एक माणूस आला, कोट घातलेला. ताई, त्याच्या कॉलरचा टाका न् टाका मला दिसला. दोरा कुठला वापरलाय तेसुद्धा! मी भर दुकानात ओरडलो, "अरे, याची कॉलर कोणी बसवलीय? डावीकडे ओढतेय की!"

दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. तिथे एक चुणचुणीत पोरगी आहे, हातात कायम रिमोट. ती म्हणाली, "काका, जरा मागे या ना. इतक्या जवळून कोणी बघतं का?" मी जागचा हललो नाही. तो कोटवाला तीनदा येऊन गेला तोवर तिथेच उभा होतो. मिक्सरचं झाकण राहिलंच.

घरी येऊन सांगितलं तर तुझी भावजय म्हणते, "घरात माणसं दोन. माणशी पन्नास इंच करायचेत काय?" मी म्हटलं, उजेड बघशील तर थक्क होशील. तर म्हणे, उजेडच हवा तर खिडकीचे पडदे काढते, फुकटात होईल. तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. (लिहिलं हं मी तरीही.)

आता माप. बाबांनी शिकवलंय, बेत नक्की झाल्याशिवाय कात्री उचलायची नाही. म्हणून जुन्या अस्तराचा शंभर इंच रुंद तुकडा घेऊन पुढच्या खोलीच्या भिंतीवर टाचण्यांनी लावला. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला आपलं कटिंगचं टेबल. कापड टेबलावर वीतभर चढलं. मग टेबल काढलं. बाबांचं टेबल, हो. समोर एक नवी शिंपीण आलीय, हात चांगला आहे तिचा, तिला देऊन टाकलं. चौघांनी उचललं. जागा हवी तर काहीतरी जायलाच हवं ना? (टेबल जाताना हे दारात थांबले नाहीत. आत जाऊन नळ सोडून बसले.)

तुला शेजारच्यांची खिडकी आठवते? त्यांच्या टीव्हीवर माणसं कमी आणि मुंग्याच जास्त, तरी तू मला खांद्यावर बसवून दाखवायचीस. मी वरून सांगायचो आणि तू खालून "आता काय झालं, आता काय झालं" विचारायचीस. मग एकदा मी टाळ्या पिटायला लागलो आणि दोघंही आपटलो. तुझ्या हनुवटीला तीन टाके पडले आणि वर मारही तुलाच बसला. त्यानंतर तू मला हवं ते सगळं दिलंस, म्हणून हाही हट्ट तुझ्यापाशीच. तू "घे" म्हणालीस की घेतो.

कोटाचं झालं ते झालं. तेव्हा काम फार होतं. भाच्याला लग्नात तयार कोटही शोभला असेल. जावईबापूंना नमस्कार, सुनेला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा


१९ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. तुझ्या भावजयीने वाचून दाखवलं: "शंभर इंच बघायला वेळ आहे, सख्ख्या भाच्याच्या कोटाला नव्हता. घे नाहीतर घेऊ नकोस." मी म्हटलं, परत वाच. तिने कार्ड उशीखाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

आज पत्र लिहायला बसलो तर हिची पेन खाली ठेवून हाताची घडी. म्हणाली, "अंगठ्याची गोष्ट पुन्हा लिहायची असेल तर दुसरा कारकून बघा." तेव्हा आता ऐक. मध्ये थांबवू नकोस, मला परत धीर व्हायचा नाही.

तू पाठवलेलं कापड मी कापलं होतं, ताई. निळं, बारीक पांढऱ्या रेघांचं. हातात घेतल्याबरोबर कळलं, किती दुकानं हिंडून आणलंयस ते. कोट मीच शिवणार होतो, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता. खडूने रेघ मारली, तर ती मधेच वाकलेली. मला वाटलं, पट्टी सरकली. पुसली आणि नीट मारली. पुन्हा तेच. मग जिथे वाकडी दिसत होती तिथे हाताने सरळ केली आणि कात्री चालवली. दोन्ही पुढच्या बाजू एकमेकींवर ठेवल्या तेव्हा बोटांना कळलं. रेघ आधीच सरळ होती. मी सरळ रेघ सरळ करायला गेलो आणि पोराच्या लग्नाचं कापड वाया घालवलं.

चाळीस वर्षं कात्री धरली, ताई. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? दुकानातून तयार कोट उचलला, तुला पाठवला आणि म्हटलं काम आहे. लग्नालाही म्हणूनच आलो नाही. एवढ्या माणसांत मला कोणाचा चेहरा ओळखता आला नसता. बाकीच्यांना मी चकवलं असतं, तुला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चौकटी चौकटींचा एक कागद समोर धरला. मला वाटलं कापडाचा नमुनाच आहे. मी म्हटलं, "बाई, मधला भाग आटलाय याचा, परत करा." त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. कागद चांगलाच होता. नजरेचा मधला भाग जातोय, कडा राहतील. औषधाने वेग कमी होईल, थांबणार नाही. चालता येतं, चहा ओतता येतो, पण ज्याच्याकडे बघावं त्याचंच तोंड पुसलेलं. टेबल मी टीव्हीसाठी दिलं नाही, ताई. ते रोज दिसायचं म्हणून दिलं.

(वन्सं, हे मी गेल्या दिवाळीपासून, म्हणजे पाच महिने पोटात ठेवलं. ह्यांनी शपथ घातली होती. मला माफ करा.)

तर आता टीव्हीचं, कारण ती गोष्ट अजून माझी झोप उडवतेय! परवा हिला घेऊन त्या दुकानात गेलो. आधी फजिती. पोरीला म्हटलं, शंभर इंच रुंद म्हणजे माझी भिंत जेमतेम पुरते. ती खो खो हसत सुटली. "काका, टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात, तिरपे!" रुंदी निघाली सत्त्याऐंशी. आयुष्यभर कापड उभं, आडवं, तिरपं कापलं, आणि हे माझ्या डोक्यात येऊ नये? तुझी भावजय म्हणाली, "म्हणजे टेबल राहिलं असतं."

मग ती पोरगी म्हणाली, "काकू, एक गंमत बघा." तिने स्वतःचा फोन टीव्हीला जोडला आणि हिच्यासमोर धरला. आणि भिंतीवर ही आली. एवढी मोठी, एवढी लख्ख! मी दोन हात अंतरावर उभा होतो, मान जरा वळवून, कडेने बघत. आता मला तसंच बघावं लागतं. ताई, हिच्या भुवया पिकल्यात. कधी पिकल्या? उजव्या गालावर एक बारीक डाग आलाय, तो मला ठाऊकच नव्हता. ही लाजून "अहो, बंद करायला सांगा ना" म्हणत होती, आणि मला हिचे ओठ हलताना दिसत होते. किती महिन्यांनी दिसले! मी तिथेच रडलो, दुकानात, मिक्सरच्या खोक्यांपाशी. लाज वाटली नाही. (मलाही नाही.)

डॉक्टरीणबाईंना विचारलं, वेडेपणा आहे का? म्हणाल्या, नाही. मोठं, उजळ आणि जवळून, एवढं तुम्हाला उपयोगी पडेल. पण किती दिवस, ते सांगता येत नाही. वर्ष, कदाचित दोन. मग तोही पुसट होईल. तेव्हा खरा प्रश्न असा की वर्षभरासाठी एवढा मोठा टीव्ही घ्यावा का. मी हिला विचारलं. पडदे काढणारी बाई आता म्हणते, एक दिवसासाठी असला तरी घ्या.

सांगून आलोय. मंगळवारी चार वाजता बसवायला येतायत. पण सिनेमे बघायला मी तो घेत नाहीये. त्यावर कोणाला बघायचं, त्याची यादी माझ्या मनात तयार आहे आणि तिच्यात पहिलं नाव ज्याचं आहे ते माणूस फोन उचलत नाही. भाच्याला तो कोट घालून मागे उभा कर. खांदा कसा बसलाय मला बघायचंय. वाईट बसला असेल तर तसं सांगेन, आणि समोरची शिंपीण दुरुस्त करेल. मी शेजारी बसून बोटांनी सांगेन तिला.

आता तुझ्या भावजयीने पेन माझ्या हातात दिलंय.

ताई या ओळी माझ्या हाताच्या. एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून घे. मंगळवारी पाच वाजता व्हिडिओ फोन करतो. केस काळे करू नकोस, पावडर लावू नकोस. खिडकीपाशी बस आणि हनुवटी जरा वर कर. ते तीन टाके मला बघायचेत.

उचल ग.

तुझ्या खांद्यावरचा