हर्षालीची पिशवी

ती. वन्सं,

नमस्कार. या वेळी वाकून नाही, ताठ उभी राहून.

तुमच्या सुनेची गर्भपिशवी काढायला तुम्ही सोमवारची तारीख घेतलीत. "दोन लेकरं झाली, आता कशाला ती कटकट? कंपनीत खाडे पडतात." मलाही चौतिसाव्या वर्षी हेच म्हणाला होतात. मिशनच्या शाळेत सिस्टरनी गर्भाशयाचा धडा "घरी वाचा" म्हणून सोडला, घरी आईने पुस्तकच मिटलं. काही न विचारता मी ऑपरेशन करून घेतलं.

काल हर्षालीला चाकणला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी मूठ वळून दाखवली. गर्भाशय एवढंच असतं, सगळा स्नायू. दर महिन्याला बाळासाठी आत अस्तर धरतं. बाळ राहिलं नाही तर आवळून ते बाहेर टाकतं, म्हणून कळा येतात. राहिलं तर बरगड्यांपर्यंत वाढतं आणि बाळंतपणानंतर दीड महिन्यात पुन्हा मुठीएवढं होतं. हर्षालीला तपासून त्या म्हणाल्या, रक्त जास्त जातंय, पण गोळ्या पुरतील.

"मामी, एवढी राबते ही पिशवी, आणि आई तिला कटकट म्हणतात?" असं म्हणून हर्षालीने तिथूनच फोन करून तारीख रद्द केली.

हे पत्र टाकत नाही. रविवारी थेरगावला येऊन तोंडावरच सांगते. रागवायचं तर माझ्यावर रागवा. सोमवारी ती फर्स्ट शिफ्टला जाईल.

तुमचीच भावजय,
मालिनी