सांग, काय कमी हाय?

मास्तर,

आज आमच्या डायहाऊसमध्ये रंग मोजायचं यंत्र आलं. टेबलावर मावेल एवढंच, मागे कॉम्प्युटर जोडलेला. रंगवलेल्या कापडाचा तुकडा त्याच्या तोंडाशी धरला की ते सांगतं, निळा इतका कमी, पिवळा इतका जास्त. बसवायला मुंबईहून आलेला मुलगा मला म्हणाला, "मॅडम, आता डोळ्यांवर विसंबायची गरजच नाही." मी त्याला चहा पाजला, तो सांगेल ते लिहून घेतलं, त्याच्यासमोर चार वेळा करून दाखवलं, चुकले तिथे पुन्हा विचारलं. चाळिशीला टेकल्यावर नव्याने शिकाऊ व्हायला मला लाज वाटत नाही, उलट मजा येते. पण तो गेला, मी एकटी त्या यंत्रासमोर बसले आणि अचानक तुमचा असा राग आला म्हणून सांगू! वाटलं, हे तुमच्या हाताशी तेव्हा असतं तर तुम्ही मला अडकवून ठेवलं नसतंत. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माणसाने विसरावं की नाही? नाही विसरले. म्हणून लिहायला बसले आहे.

तुमच्या हाताखाली आले तेव्हा मी नुकती मॅट्रिक झालेली मासवणची मुलगी होते. बेटेगावला मावशीकडे राहायचे. एमआयडीसीत तेव्हा रोज कुठल्या ना कुठल्या शेडवर पत्रे चढत होते आणि माणसं हवी होती, म्हणून मलासुद्धा 'शिकाऊ' म्हणून घेतलं. नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी आईने पालघरच्या बाजारातून नवी पोपटी साडी आणलेली. ती नेसून, वेणीत गजरा माळून मी तुमच्या खोलीत पाऊल टाकलं. तुम्ही खिडकीशी उभे. हातात करड्या कापडाचे दोन तुकडे. मान वर न करता म्हणालात, "हा पोपट कोणी पाठवला?" मला वाटलं थट्टा आहे, मी हसले. तर केवढ्याने ओरडलात! "हिरवं नेसून रंग बघायला आलीस? तुझ्या साडीचा हिरवा पडतोय ना माझ्या कापडावर! जा, भायेर उभी रा." बॉयलरच्या भिंतीआड जाऊन मी रडले. नोकरी पहिल्याच दिवशी गेली असं धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी मी मावशीची पांढरी साडी नेसून आले, तेव्हा तुम्ही पिशवीतून एक राखाडी कोट काढून पुढे केलात. वाया गेलेल्या लॉटच्या कापडाचा, बाह्या जरा लांबच. "घाल. आमच्या घरातल्या बाईनं रात्री बसून शिवलाय." तो कोट मी किती जपला असेन, काय सांगू. मावशी म्हणायची, लग्नाचा शालू आहे का गं तो.

आणि शिकवलंत, ते खरं. ते नाही म्हणणार नाही मी. कापड मशीनमधून गरम निघतं तेव्हा त्याचा रंग खोटा असतो, ते निवू द्यायचं. ट्यूबलाइटखाली बघायचं नाही, खिडकीच्या उजेडात, तोही उत्तरेच्या. एक नमुना बघून झाला की राखाडी भिंतीकडे बघायचं, मग दुसरा हातात घ्यायचा. "डोळा धू आधी," असं म्हणायचात तुम्ही. पार्टीने पाठवलेला मूळ तुकडा आणि आपण रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी धरायचात आणि विचारायचात, "सांग, काय कमी हाय?" मी म्हणायचे, "लाल." तुम्ही कपाळावर हात मारून घ्यायचात. "लाल नाय गो! पिवळा मेलाय त्याच्यातला. बघ, बघ, परत बघ." मी परत बघायचे, नाही दिसायचं, आणि मग केव्हातरी एकदम दिसायचं. अगदी लख्ख दिसायचं. त्या क्षणी तुम्ही माझ्याकडे बघून मिशीत हसायचात. त्या हसण्यासाठी मी मान मोडून काम केलं, मास्तर. कारखान्यातल्या बायका धागे तोडायला नाहीतर घड्या घालायला होत्या. मला शेड मास्तर व्हायचं होतं, रंगाच्या छटेवर शेवटचा शब्द माझा. तुमच्या खुर्चीत, तुमच्या खिडकीशी. दुसरं काही नको होतं मला. विरारचं एक चांगलं स्थळ आलेलं, मुलाकडचे म्हणाले लग्नानंतर कारखाना बंद, तर मी मावशीलाच सांगितलं, त्यांनाच बंद म्हणून कळव.

पुढे पुढे माझं चुकणं थांबलं. निदान मला तसं वाटलं. तुम्ही विचारता आहात, "सांग, काय कमी हाय?" मी तुकडा बघते आहे, सांगते आहे, "निळा, चिमूटभर," आणि तुम्ही कपाळावर हात मारत नाही. थोडे थांबता, मान हलवता आणि दाराशी जाऊन मशीनवाल्याला तेच ओरडून सांगता. तो आपल्या गाववाल्याला कौतुकाने म्हणतो, "देखा? मास्टर की आँख है, आँख!" आणि मी आत बसून फुलते आहे. का नाही फुलणार? मास्तर आता 'चूक' म्हणतच नाहीत! गडद निळ्याची, काळ्याची ऑर्डर असली की तुम्ही चहाला निघायचात. "तू बघून ठेव, मी येतो." मला वाटायचं, विश्वास टाकतात. कसलं काय! मला वेडीला त्यात माझा मोठेपणा दिसत होता.

मग कंपनीने पलीकडच्या प्लॉटवर दुसरं युनिट काढलं. तिथे शेड मास्तर हवा होता. मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं, बसायला सांगितलं, आणि जरा अवघडून म्हणाले, "तुमचं नाव माझ्या मनात होतं, पण मास्तर म्हणतात अजून तयारी नाही. त्यांच्या शब्दाबाहेर मी नाही जाणार." मी तडक तुमच्याकडे आले. विचारलं, "मास्तर, माझं काय चुकतं?" तुम्ही खिडकीकडे बघत म्हणालात, "कच्ची हायस अजून. घाई नको करू. ही विद्या अशी लगेच येते काय?" आणि मी विश्वास ठेवला! साधा प्रश्न सुचला नाही मला, की दोन वर्षांत एकदाही चुकले नाही तर कच्ची कशी? सुरतेहून एक माणूस आणून त्या खुर्चीत बसवला. मी मात्र रोज शिफ्टच्या आधी येऊन जुने तुकडे काढून बसायचे. मावशीच्या घरी शिवणाचे दोरे उन्हात मांडून जुळवायचे. स्वतःतली खोट शोधत होते, नसलेली.

त्या पावसाळ्यात तुम्हाला ताप आला आणि तुम्ही कामावर आला नाहीत. संध्याकाळी मी सालवडला तुमच्या खोलीवर आले. तुम्ही आत झोपला होतात. काकू चुलीशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मला बळेच बसवलं, ताटात भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मग म्हणाल्या, "तू तरी सांग गो त्यांना डोळ्यांचं. पालघरचा डॉक्टर कधीचा बोललाय, मोतीबिंदू हाय, दोन्ही डोळ्यांत, ऑपरेशन करा. हे ऐकतात कुठं! म्हणतात, कंपनीला कळलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. घरात निळं काय नि काळं काय, कळत नाय त्यांना. माझ्या साडीला परवा काळी म्हणाले." काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं! म्हणाल्या, "मला बोलले, पोरगी हाय ना, तिचा डोळा तोच माझा डोळा. तू हायस म्हणून चाललंय आमचं." त्यांना वाटत होतं, मला ठाऊक आहे. त्या आभार मानत होत्या माझे. मी भाकरी खाल्ली. अख्खी खाल्ली. काय करणार, वाढलेली होती. हात धुतले आणि बेटेगावपर्यंत चालत गेले. रिक्षावाले विचारत होते, पण मला कोणाशेजारी बसवत नव्हतं.

ताप उतरल्यावर तुम्ही कामावर आलात. बूटपॉलिशसारखा तपकिरी होता त्या दिवशी, मला आजही समोर दिसतो. तुम्ही दोन तुकडे खिडकीत धरलेत. "सांग, काय कमी हाय?" मी म्हटलं, "मास्तर, आज तुम्ही सांगा." तुम्ही हसलात. "मला काय विचारतेस? मी तुला विचारतोय." मी म्हटलं, "नाही, तुम्हीच सांगा." तुम्ही तुकडे डोळ्यांजवळ नेलेत, लांब धरलेत, तिरपे केलेत. बाहेरून मशीनवाला ओरडत होता, "मास्टरजी, क्या डालना है?" तुमच्या कपाळावर घाम आला. मग हळू आवाजात म्हणालात, "दार लाव." मी दार लावलं. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलतील. माफी नको, नुसतं "पोरी" म्हटलं असतंत तरी चाललं असतं. आणि तुम्ही काय विचारलंत? "साहेबाला बोललीस काय?"

एवढंच. माझं काय झालं, माझी जागा गेली, मी स्वतःला मूर्ख समजत बसले, यातलं काही नाही. फक्त साहेबाला कळलं का. मी म्हटलं, "नाही." तुमचे खांदे खाली आले. तुम्ही कोटाच्या बाहीने तोंड पुसलंत आणि तुकडे पुन्हा माझ्यापुढे धरलेत. "मग सांग, काय कमी हाय?" मी सांगितलं. लाल, अगदी थोडा. तुम्ही दार उघडून तो लाल तुमच्या खणखणीत आवाजात ओरडलात.

अहो, फसवलंत तुम्ही मला. सरळ शब्दांत लिहिते, तोंडावर कधी बोलता आलं नाही म्हणून. मला जर एकदा म्हणाला असतात, पोरी, मला दिसत नाही, सांभाळून घे, तर मी जन्मभर तुमच्या बाजूला उभी राहिले असते. बापाचे डोळे गेले तर लेक काय त्याला टाकते? पण तुम्हाला मदत मागायची नव्हती. तुम्हाला मी हवी होते, आणि मी किती तयार आहे हे मला कळायला नको होतं. सगळ्यात जास्त काय सलतं, सांगू? तुमचा प्रश्न कधीच बदलला नाही. तेच शब्द, तोच सूर. पहिल्या वर्षी तुम्ही विचारत होतात तेव्हा उत्तर तुम्हाला माहीत होतं, तुम्ही मला शिकवत होतात. शेवटी शेवटी उत्तर फक्त मला माहीत होतं. मधला तो दिवस कुठला? कुठल्या कापडाशी तुम्ही शिकवायचं थांबवून वापरायला लागलात? मी सगळे रंग आठवून बघते आणि मला तो दिवस सापडत नाही. त्यामुळे तुमची एकही आठवण मला धड निखळ राहिली नाही, मिशीतलं हसूसुद्धा.

तुम्ही नोकरीतच गेलात, छातीत कळ येऊन. गेटजवळ फोटोला हार घातला, साहेब बोलले, अशी नजर पुन्हा होणे नाही. माझ्या शेजारी उभ्या बायका डोळे पुसत होत्या आणि मी राखाडी कोटात हात घालून कोरडी उभी. साहेबांच्या लेखी मी कच्चीच होते, महिन्याभराने मी तिथली नोकरी सोडली. सूत रंगवणाऱ्या एका लहान डायहाऊसमध्ये हेल्पर म्हणून लागले, कारण शिफारस करायला कोणी उरलं नव्हतं. सुताला कापडाचे नियम लागत नाहीत, सगळं पहिल्यापासून शिकले. पालघरच्या लायब्ररीतून रसायनशास्त्राची पुस्तकं आणली, कळली नाहीत, बोईसरच्या एका शाळेतल्या बाईंकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन समजून घेतली. पुन्हा कापडाकडे येऊन शेड मास्तर झाले तेव्हा तिशी मागे पडली होती. तुमच्या एका 'कच्ची हाय'ने माझी इतकी वर्षं खाल्ली.

आता माझ्या हाताखाली तीन मुली शिकतात. त्यांना तुकडे दाखवण्याआधी मी माझं उत्तर चिठ्ठीवर लिहून टेबलावर उलटं ठेवते. मग विचारते. त्यांनी सांगितलं की चिठ्ठी उलटते. कधी त्या चुकलेल्या असतात, कधी मी. सगळ्यांत धाकटी मला म्हणाली, "मॅडम, तुमी चुकल्यावर पण दाखवता?" म्हटलं, दाखवणारच. पुढच्या महिन्यात तिला दुसऱ्या शिफ्टची मास्तर करायची असं मी मालकांना सांगून आले आहे. माझी अडचण होईल, होऊ दे.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला कळतं, पण काकूंना वाचून दाखवता येईल. त्या सालवडलाच आहेत. गेल्या शुक्रवारी बोईसरच्या बाजारात भेटल्या, थकल्यात, माझा दंड धरून म्हणाल्या, "ये ना गो एकदा घरी. तुझ्याबद्दल शेवटी शेवटी काय काय बोलायचे, तुला सांगायचं राहिलंय." मी म्हटलं, "येईन काकू, आज घाईत आहे," आणि निघाले. शुक्रवार म्हणजे आमच्या कारखान्याची सुट्टी. मला कसलीही घाई नव्हती. तुम्ही माझ्याबद्दल चांगलं बोलला असाल, याची भीती वाटली मला.