नंदाखालहून बोलतेय

गुरुवार, २३ ऑक्टोबर २००८

चाललं! चाललं! चाललं!

मी इथे फुलपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, पिठाच्या हातांनी कॉम्प्युटरसमोर — आणि माझा रेडिओ तिकडे नंदाखालला, फ्लॉसीच्या घरात! हेडफोनमध्ये आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीतून एक ऑस्ट्रेलियन म्हातारा स्वच्छ बोलला. इथून बटण दाबलं की तिकडे अँटेना फिरते. फ्लॉसी फोनवर ओरडली, "अगं, फिरली! माडावरचे कावळे उडाले!"

सोसायटीने गच्चीवरची अँटेना उतरवली तेव्हा वाटलं होतं, संपला आपला हॅम रेडिओ, हौसेने जगाशी बिनतारी बोलणं. सेक्रेटरी म्हणे, "ताई, तुमच्यामुळे सगळ्यांच्या टीव्हीत मुंग्या येतात." येत नव्हत्या. पण रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसांशी किती भांडणार? फ्लॉसीचं आणि माझं टेबल माणिकपूरच्या ऑफिसात लागून. तिचा नवरा जहाजावर नोकरीला. तीच म्हणाली, "माझ्या वाडीत उभी कर की. अँथनी बोटीवर, मी एकटी. तेवढीच घराला सोबत."

आणि परवा स्पर्धा! इंटरनेटवरून पहिल्यांदाच. गेल्या वर्षी भारतात तिसरी आले होते. यंदा पहिली यायचं म्हणजे यायचंच.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

जितेश म्हणाला, "म्हणजे दोन दिवस जगभरच्या लोकांना हाका मारायच्या. जितके लोक, जितके देश, तितके गुण. बरं. बक्षीस काय?"

"प्रमाणपत्र."

"आणि?"

"आणि काही नाही."

त्याने गुपचूप चकलीचा सोऱ्या हातात घेतला. नवरा चांगला आहे माझा.

शनिवार, २५ ऑक्टोबर

पहाटे साडेपाचला सुरू. पहिली हाक जपानची! मग जपानच जपान — एकाला उत्तर देतेय तोवर पाच जण रांगेत. आवाज बसू नये म्हणून लवंग तोंडात. जितेश चहा ठेवून जातो.

दुपारी सगळं थंड. वरण-भात जेवून घेतलं.

संध्याकाळी अँटेना युरोपकडे वळवली आणि — बाप रे! इटली, पोलंड, रशिया, सगळे एकदम अंगावर. कोण कुठला काही कळेना. मग प्रत्येकाच्या कॉलसाइनचं, म्हणजे रेडिओवरच्या नावाचं, एकेक अक्षर पकडून सोडवत गेले, गुंता झालेली लोकर सोडवावी तशी. इतकी मजा मला कशातच येत नाही. कशातच! हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथे लिहितेय.

रविवार, २६ ऑक्टोबर

काय दिवस!

दुपारी गुण बघितले — गेल्या वर्षीचा आकडा केव्हाच मागे पडलेला. पंधरा मीटरच्या पट्ट्यात छान मोकळी फ्रिक्वेन्सी, आमच्या भाषेत जागा, मिळाली होती, मी हाका मारतेय, लोक येतायत. आणि एकदम शांतता. पडद्यावर 'जोडणी तुटली'.

फ्लॉसीला फोन. "तुझं इंटरनेट गेलंय. मी निघते. तोवर आपली जागा सांभाळ!"

म्हणायचं होतं ते एवढंच, की रेडिओ बंद करू नकोस, कशाला हात लावू नकोस. पण म्हणाले, जागा सांभाळ.

रिक्षावाल्याला आगाशी येईपर्यंत दहा वेळा "जरा जोरात" म्हटलं. वाडीत शिरले, केळींमधून पळत विहिरीपाशी आले, तर खिडकीतून आवाज — खणखणीत, तिच्या चर्चच्या गायनमंडळात असतो तसा —

"थँक यू, इटली! यू आर फिफ्टी नाइन! नेक्स्ट, प्लीज!"

मी उंबऱ्यातच थांबले. फिफ्टी नाइन म्हणजे आवाज स्वच्छ येतोय — माझेच शब्द! फ्लॉसी खुर्चीत ताठ बसलेली. रिमोटची वायर काढून तिने जवळचा जुना माईक लावलेला. केस सुटलेले, गाल लाल. जुन्या पुठ्ठ्यावर कॉलसाइन उतरवतेय, वेळेसकट, माझं ऐकून ऐकून शिकली तसं. मला बघून म्हणाली, "तूच म्हणालीस ना सांभाळ? गप्प बसले असते तर जागा गेली असती. एक जर्मन घुसत होता, त्याला हाकलला!"

मी पोट धरून हसले. तिला मिठी मारली. मग मीच खुर्चीत बसले आणि उठलेच नाही. तिने तिथेच ताट आणून दिलं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

संपलं. आकडेमोड केली. पहिली येणार. नक्की येणार!

आंघोळ करताना ध्यानात आलं. फ्लॉसीकडे लायसन्स नाही. ती तीसएक लोकांशी माझ्या नावावर बोलली, मी तिथे नसताना. हे नियमात बसत नाही — स्पर्धेच्याही, सरकारच्याही.

तेवढे संपर्क गाळले तरी कदाचित पहिलीच येईन. कुणाला कळणार? आवाज बाईचा, कॉलसाइन माझं.

दिवसभर हाच विचार. फराळाची चव लागली नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

सकाळी फराळाचा डबा घेऊन फ्लॉसीकडे गेले आणि सांगून टाकलं — एकटीच्या गटात दुसरं कुणी बोललं, म्हणून सगळं कळवून माघार घेणार. तिचा चेहरा पडला. "म्हणजे माझ्यामुळे गेलं तुझं?"

"माझ्यामुळे. नीट सांगायला हवं होतं."

"मग सांगतेस कशाला लोकांना?"

म्हटलं, "त्या इटलीवाल्याला वाटतंय तो माझ्याशी बोलला. तो तुझ्याशी बोलला."

तिने करंजी मोडून खाल्ली. मग हळूच म्हणाली, "त्या एका तासात मला अँथनी एकदाही आठवला नाही. इतकं बरं वाटलं गं."

संध्याकाळी आयोजकांना सगळं खरं कळवलं. लॉग, म्हणजे संपर्कांची यादी, पाठवला, पण फक्त तपासणीसाठी — स्पर्धेतून माघार. सरकारी कचेरीलाही कळवायचंय. काय म्हणतील देव जाणे. पाठवायचं बटण दाबलं आणि रडले थोडी. खाली पोरं फटाके लावत होती. जितेशने नुसता हात धरला.

बुधवार, २९ ऑक्टोबर

झोपले. खूप झोपले.

शनिवार, २४ ऑक्टोबर २००९

पहाटे सव्वापाच. आज पुन्हा स्पर्धा. जोडणी होईना! पासवर्ड चुकीचा म्हणतोय. तीनदा टाकला. घाबरून फ्लॉसीला फोन केला.

"मी बदलला," ती म्हणाली. "दिल्लीहून लायसन्स आलं माझं. तुला सांगणार नव्हते आजपर्यंत. यंदा खुर्ची माझी, कॉलसाइन माझं. तू ये, मला चहा लागेल."

जितेश स्कूटर काढतोय. देवा — उशीर नको!