ताटावरचं भांडण

रविवार, ७ जून

चि. चिमटीस,

आजीचे आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. माझे गुडघे त्यात धरू नकोस. तुझा बापही बरा आहे, त्याचं काही विचारू नकोस. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा अक्षर लावून वाच.

चौकशीतून तू सुटलीस हे टीव्हीवर ऐकलं आणि कित्येक दिवसांनी अन्नाला चव लागली. मी रडले असं तुझी आई सांगेल. ती कांदा चिरत होती, त्यामुळे तिच्याच डोळ्यांवर भरवसा नाही.

गल्ली तुला नावं ठेवायची, तिचंही बरोबरच होतं म्हणा. तू कॉलेजात शिकवलंस, मग सरकारात सल्लागार झालीस, बाहेरच्या साखरेवरचा कर काढायला लावलास आणि मग गेलीस कुठे, तर बिस्किटवाल्या कंपनीत. त्या कंपनीचं साखरेचं जहाज कर निघायच्या आधीच वाटेला लागलेलं. कोणीही म्हणेल, पोरीने आतली खबर विकली आणि बदल्यात खुर्ची घेतली. शेजारची शिंपीण तर मापं घेता घेता हेच सांगायची. माझं झंपर तिने त्याच नादात घट्ट केलं.

मग चौकशीत तो कंपनीचा खरेदीवाला उभा राहिला, तुझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "मॅडम दरवर्षी वर्गात सांगायच्या, माझ्या हातात आलं तर हा कर आधी काढीन. त्या सरकारात गेल्याचं कळलं आणि मी जहाज मागवलं."

चौकशीवाले साहेब म्हणाले, "वर्गात बाकीची पोरं नव्हती का? त्यांनी का नाही मागवलं?"

"होती की. पण त्यांना वाटलं, खुर्ची मिळाली की माणूस बदलतो."

साहेबांनी तेवढं लिहून घेतलं आणि चौकशी तिथेच मिटली. चिमटे, तीन दारी तीन तोंडं ठेवली असतीस तर तुझ्यावर ही पाळी आली नसती. जिथे जाशील तिथे तेच एक तुणतुणं. कंपनीत का गेलीस ते मला अजून पटलेलं नाही, ते समोरासमोर बोलू.

तर, तुझा बाप.

"हिचं नाव या घरात काढू नका," असं तो म्हणाला, ते तुला कोणीतरी पोचवलंच असेल. साखर कारखान्यात त्याचा जन्म गेला. कर निघाला आणि कारखान्याची एक पाळी बंद झाली, त्याचे सोबती घरी बसले. तेवढं त्याने गिळलं असतं. पण लेक विकली गेली, हे त्याला गिळवेना.

त्या खरेदीवाल्याचं त्यानेही टीव्हीवर ऐकलं. काल जेवता जेवता थांबला. म्हणाला, "आई, या करावरून तर ती माझ्याशी भांडायची. इथेच, ताटावर बसून. तिच्या वर्गाच्याही आधी मी ऐकलंय."

मी म्हटलं, "मग? त्या परक्या पोराने तिला ओळखलं, तू कुठे होतास?"

जरा जास्तच लागलं बहुतेक. ताट तसंच ठेवून उठला. आज सकाळपासून तुझ्या खोलीतली खिडकी दुरुस्त करतोय. खिडकीला काही झालेलं नाही.

फोन करू नकोस. त्याला फोनवर चूक कबूल करता येत नाही, नुसता खाकरतो. सरळ निघून ये. तू आलीस की तो आधी भांडेल, त्याला भांडू दे. तूही सोडू नकोस. घर फार शांत झालंय, आणि मला शांतता मानवत नाही.

वाट बघण्याचं वय न राहिलेली,
तुझी आजी

खाली तुझ्या बापाला जागा सोडलीय. लिहीत नाही म्हणाला, पण पेन घेऊन बसलाय.

कराचं तुझं चुकलंच. ये.
बाबा