खाडीकडचा रस्ता

बोरिवली, २००१

तीर्थरूप आईस, भिमाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

लेण्याद्रीच्या गणपतीच्या कृपेनं मी बरा हाये. सायकलवर पाव पोचवतो. नॅशनल पार्कच्या भिंतीकडला रस्ता जवळचा, पण मी खाडीकडून लांबून जातो. तिथं समुद्राचं वारं लागतं. घोर करू नको. तिकडं गावी उसात बिबट्या वाघ अजून फिरतो का?

वैजे, पुढलं मनात वाच, आपल्या आईला वाचून दाखवू नको. काल उशीर झाला म्हणून मी भिंतीकडनं गेलो. चेन पडली, ती लावायला उकिडवा बसलो. मान वर केली तर भिंतीवर वाघ! बसलेलं माणूस त्याला वासरू वाटतं. मी उठून उभा राह्यलो, तवा तो गेला.

तुझ्या सायकलचीबी चेन पडती. शाळंतून येताना उसापाशी पडली, तर खाली बसू नको. सायकल ढकलत, मोठ्यानं गाणं म्हणत घरी ये.

आता पुन्हा मोठ्यानं वाच: आई, मी रोज खाडीकडूनच जातो.

तुझा भिमाजी