ठकीनं बिऱ्हाड हलवलं

टी. नगर, मद्रास
नोव्हेंबर १९५९

तीर्थरूप आईस वत्सलेचा वाकून नमस्कार.

माझी तब्येत छान आहे, काळजी करू नकोस. पण या नव्या जागेचं नाव काढलं तरी डोकं फिरतं! तुझ्या जावयांनी ती उन्हाळ्यात पसंत केली, का तर वारा छान येतो. आता वादळात पाऊसही तसाच छान आत येतो. एका खिडकीची कडी लागत नाही, गाद्या भिजून चिंब. बोलायला गेले, तर म्हणतात, "मांजर बघ, काही तक्रार करते का?"

आज सकाळी त्याच ठकीनं एकेक पिल्लू तोंडात धरून वर मालकीणबाईंच्या कोरड्या खोलीत नेलं. मी ओशाळून आणायला गेले. मालकीण अंबुजाबाई तंजावरच्या मराठी. त्या मलाच रागावल्या, "बाळंतिणीला हाकलू नये. तूही वर ये. अशा दिवसांत ओल्या जागी निजतात का?"

तिसरा महिना आहे, आई. घर कोरडं झालं की कळवणारच होते.

हे म्हणाले, "भाडेकरूंना असं शोभत नाही." ठकीनं यांना विचारलं होतं का?

बाबांचा खोकला कसा आहे? मी हे पत्र वरच्या खोलीतून लिहितेय, पिल्लं मांडीवर आहेत. हे खाली वारा खात बसलेत.

तुझी,
वत्सू